तीर्थाला माप नाही

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मुळशीत कुणाला नवी नाही. दारातून दिसणारं पाणी आपलं नसतं, हे गावानं केव्हाच पचवलंय. पण ती म्हण वाल्मीकला जशी येऊन चिकटली तशी दुसऱ्या कुणाला चिकटली नसेल. त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम टाकलं होतं. आठवड्यातून तीनदा पिरंगुटच्या पुढे दवाखान्यात जायचं, हातात सुया खुपसून घेऊन मशीनला जोडून पडायचं, आणि अंगात साठलेलं पाणी मशीननं ओढून घेतलं की घरी यायचं. लघवी जवळजवळ बंदच झालेली. म्हणजे जे प्यायलं ते आत राहिलं. दिवसाला एक छोटी बाटली, त्यात चहा आला, कालवणाचा रस्सा आला, गोळ्या गिळायचा घोटही आला. त्याच्यावर एक थेंब गेला तर ते पाणी छातीत चढेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मागे एकदा चढलंही होतं. पुन्हा चढलं तर माणूस हाती लागेल याची खात्री देत नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं.

त्या दिवसापासून त्याची बायको आशालता घरातली जेलर झाली. माठ तिनं स्वयंपाकघरात नेला आणि स्वयंपाकघराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. पण कैद्याला कोंडायचं तर जेलरलाही तुरुंगातच राहावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. माहेरच्या बारशाला गेली ती पाळणा हलायच्या आधी परत आली. शनिवार-रविवारी मागच्या दोन खोल्यांत पुण्याचे पाहुणे उतरायचे, त्यांच्या भाकरी थापताना तिचा एक कान बाहेर ओट्यावर बसलेल्या वाल्मीककडे असायचा. पाहुणे तलावाकडे बघून म्हणायचे, काय सुख आहे हो तुमचं इथं. ती हो म्हणायची. एकदा एका पाहुणीला पिठलं वाढता वाढता तिच्या मनात आलं होतं की ताट इथंच ठेवावं, चपला घालाव्यात आणि या बाईच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसावं.

वाल्मीकही काही साधा कैदी नव्हता. इलायची चघळायची, बर्फाचा खडा गालात धरायचा, हे सगळं झालं. मग तो दिवसातून दहा वेळा चूळ भरायला जाऊ लागला. आशालता न्हाणीच्या दाराशी उभी राहून ऐकायची. चूळ भरल्याचा आवाज यायचा, टाकल्याचा येत नसे.

"थुका," ती बाहेरून म्हणायची.

"थुकतुय की. जरा दम धर, तोंड धुतुया," आतून उत्तर यायचं आणि मग नाइलाजानं एक पिचकारी मोरीत पडायची.

ज्या माणसानं जन्मात दारूला तोंड लावलं नाही, त्याचं तोंड हुंगायची पाळी बायकोवर यावी, तेही पाण्यासाठी, याचं दोघांनाही हसू यायचं. हसून झालं की ती पुन्हा दाराशी उभी राहायची.

उन्हाळा लागला आणि वाल्मीकला देव आठवला. याआधी देवळात तो सप्त्याच्या मांडवाचे बांबू रोवायलाच काय तो जायचा. आता सकाळी उठून अंघोळ करून आईच्या देवपूजेला मांडी घालून बसू लागला. मग भैरवनाथ, मग मारुती, मग दत्ताचं देऊळ. गावात कुठं सत्यनारायण असला की हा आरतीला पुढे. त्याची आई जाईबाई हरखून गेली. दुखण्यानं का होईना, पोरगं देवाला लागलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आशालतालाही बरं वाटलं. निदान तेवढा वेळ तो न्हाणीत नसे. एकदा त्याला समईपुढे डोळे मिटून बसलेला बघून तिचं तिलाच भरून आलं, आणि तिनंही हात जोडले.

पण दवाखान्यातला काटा काही देवाला लागला नव्हता. दर खेपेला वजन वाढलेलंच. डॉक्टरीणबाई आशालताकडे बघायच्या. ती शपथेवर सांगायची की बाटलीच्या वर एक घोट दिला नाही. त्या वजनाचा आकडा कागदावर लिहून पुढे जायच्या, आणि तेच तिला लागायचं. घरी येऊन ती कुलूप ओढून बघायची, न्हाणीचा नळ बघायची, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या रिकाम्या बाटल्या उचलून बघायची. नवरा डोळ्यांसमोर फुगत चालला होता, आणि पाणी येतंय कुठून हे काही केल्या कळत नव्हतं.

कळलं ते गावातल्या गोजराबाईच्या घरी. गोजराबाईच्या नातवाचं लग्न झालं होतं, रविवारी दुपारी सत्यनारायणाची पूजा होती. आशालता वाढायला गेली होती. कथा झाली, आरती झाली, आणि वडीलधारी म्हणून जाईबाई दाराशी तीर्थ द्यायला बसली. पुढ्यात तांब्याचं मोठं घंगाळ, हातात पळी. माणसं रांगेनं येत होती, उजव्या हाताचा खोलगा पुढे करत होती, पळीभर तीर्थ घेत होती, उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवत होती. वाल्मीक आला. त्यानं एक नाही, दोन्ही हातांची ओंजळ केली. जाईबाईनं पळी बाजूला ठेवून वाटीच उचलली आणि ओंजळ काठोकाठ भरली. तो प्यायला, बाहेर गेला. थोड्या वेळानं मागच्या दारानं येऊन पुन्हा रांगेत उभा राहिला, आणि आईनं पुन्हा वाटी उचलली. चेहऱ्यावर काही नवल नाही, लपवाछपवी नाही. रोजचंच काम करावं तशी.

आशालताच्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं. एका क्षणात तिच्यापुढे सगळी देवळं ओळीनं उभी राहिली. घरचे देव, भैरवनाथ, मारुती, दत्त, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे केलेली ती ओंजळ. पातेलं खाली ठेवून ती गेली आणि ओंजळ तोंडाशी पोचायच्या आत तिनं त्याचं मनगट धरलं. तीर्थ सगळं फरशीवर सांडलं.

मांडवातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. तीर्थ सांडणं म्हणजे काय हे तिथल्या पोराबाळांनाही माहीत होतं. जाईबाईनं सुनेकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, घाबरली होती ती.

"काय केलंस गं हे? त्याला बरं वाटावं म्हनून देतीया मी. तीर्थ म्हंजी का पानी आसतं?"

सासू खोटं बोलत नव्हती. सुनेच्या कुलपाला तिनं एकदाही हात लावला नव्हता. पोरगा पाणी मागायला आला की तीच त्याला हाकलून द्यायची. पण तीर्थ घेतलं की अकाली मरण टळतं, सगळे रोग जातात, असं तिनं जन्मभर ऐकलं होतं. जे रोग घालवायलाच घ्यायचं ते रोग वाढवेल कसं? ते मोजायचं असतं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आशालता खाली वाकली. पदरानं फरशी पुसून ती नवऱ्याला घेऊन घरी आली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते तिला वाटेभर आठवत राहिलं, आणि त्यातही पाणीच निघावं याची तिला चीड आली.

ऊन कलायच्या आत वाल्मीकला धाप लागली. आडवं होता येईना, बसूनही श्वास पुरेना. शेजारच्या ऋषिकेशनं जीप काढली. पुढे तो, मागे मधे वाल्मीक, एका बाजूला आई, एका बाजूला बायको. आणि रविवारची संध्याकाळ. लवासा बघून, मुळशी बघून सगळं पुणं एकाच वेळी घरी निघालं होतं. पौडच्या पुढे गाड्यांची जी रांग लागली ती हलेना. पुढे गाडी, मागे गाडी, बाजूच्या गाडीत गाणी लागलेली आणि एक बाई काचेतून हात बाहेर काढून बाटलीतलं उरलेलं पाणी रस्त्यावर ओतत होती. वाल्मीकचं लक्ष त्या धारेकडे होतं. आशालतानं त्याच्या डोळ्यांपुढे हात धरला.

तिला देवाचा धावा करायचा होता, पण तोंड उघडेना. ज्याचं तीर्थ भरमांडवात सांडलं त्याच्याकडे कोणत्या तोंडानं मागायचं? पलीकडे जाईबाईचे ओठ हलत होते. दोघींच्या मधे त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आतून पाण्याची खरखर ऐकू येत होती. दार उघडलं तरी जायला जागा नव्हती. हा माणूस आपल्या मांडीवर जाणार, आणि आपण इथंच बसून राहणार, असं तिला स्पष्ट दिसलं.

वाल्मीकनं तिचा हात दाबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. ती वाकली.

"धरन... भरलंय," तो एकेक शब्द ओढत म्हणाला. "दरवाजं... उघडा म्हनावं."

तिला हसू फुटलं आणि त्याच हुंदक्यात रडू. जाईबाईला ऐकू आलं नव्हतं, काय म्हणतोय, काय म्हणतोय म्हणून ती विचारत राहिली. आशालतानं सांगितलं. म्हातारी आधी सुनेला शिवी देऊन मोकळी झाली आणि मग पदर तोंडात धरून हसायला लागली. हसता हसता तिनं सुनेचा हात मुलाच्या पाठीमागून पकडला, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. आणि आशालताचं तोंड उघडलं. देवा, याच्या असल्या बोलण्याकडे बघून तरी याला सोड, एवढंच तिला म्हणता आलं.

देवानं सोडलं की मशीननं, त्या वादात पडण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी वाल्मीक उशीला टेकून बसला होता. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा जाईबाई आपणहून पुढे झाली आणि तिनं विचारलं, तीर्थसुद्धा मोजायचं असतं का. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, आमच्या मशीनला तीर्थ आणि पाणी यातला फरक कळत नाही हो."

जाईबाईनं उशीला टेकलेल्या पोराकडे बघितलं.

"मशिनीला न्हाई कळत, ते बरूबर हाय," मग ती म्हणाली. "पर देवाला तरी कळायला पायजे हुतं."

घरी आल्यावर तिनं देवाशी अबोला धरला. दिवा लावायची, पण बोलायची नाही. आशालताला वाटलं, आता हीही गेली हातची. पण चार दिवसांनी म्हातारी पातळ बदलून भैरवनाथाला गेली, आणि आशालता तिच्या सोबतीला गेली. गुरवानं तीर्थ दिलं. जाईबाईनं ते घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि पुन्हा पुढे केला. गुरव थांबला. एकदा दिलं की आई, म्हणाला.

"ते माझं. आता वाल्मीकच्या वाटचं दे. आजपास्नं त्याचं मी पिनार."

गुरवानं दिलं. मारुतीलाही तसंच झालं, दत्तालाही तसंच. तीन देवळांत सहा वेळा तीर्थ घेऊन म्हातारी परत निघाली ती वाटेत दोनदा आडोशाला बसली, आणि सुनेला म्हणाली की तुझ्या नवऱ्याची भक्ती लई महागात पडतीया मला. हसून हसून आशालताला चालवेना. सांडलेल्या तीर्थाचा विषय त्यानंतर त्या दोघींत कधी निघाला नाही.

घरी वाल्मीक ओट्यावर बसला होता. आई आत गेल्यावर आशालता त्याच्याजवळ टेकली. समोर धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. तिनं त्याला विचारलं, आई भोळी, तिला कळत नव्हतं, पण तुम्हाला तर कळत होतं ना. मरायचंच होतं का?

"मरायचं कशाला," तो म्हणाला. "हितं तू मापून देतीस. दवाखान्यात मापून घेतात. देवळात हात म्होरं केला की कुनी इचारत न्हाई, किती पायजे म्हनून. एक घोट बी गोड लागायचा."

तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. ही किल्ली मलाही नको झालीय, असं तिला म्हणायचं होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, "आन तू?"

"मी काय?"

"तू गोठ्यामागं जाऊन पानी पितीस. तोंडावर पदर धरून, चोरावानी. आई बी तितंच जाती. म्या बघितलंया. घरातल्या सगळ्यांनी चोरून प्यायचं, मंग म्या एकट्यानंच काय गुन्हा केला?"

तिची मान खाली गेली. खरंच होतं ते. त्याच्यासमोर घोट घशाखाली उतरत नसे, म्हणून पहिल्या महिन्यापासूनच तिनं तो आडोसा धरला होता. आपण झाकतोय असं तिला वाटत होतं.

"जा, तांब्या घिऊन ये," तो म्हणाला. "माझ्यासमोर पी. मला बघायचंय."

तिनं नको म्हणून बघितलं. तो ऐकेना. कुलूप काढून तिनं माठातून तांब्या भरून आणला आणि त्याच्यासमोर बसली. पहिला घोट तोंडातच राहिला.

"गिळ की," तो म्हणाला. "का तुला बी बाहिरनं सांगाया लागतंय?"

तिनं गिळला. मग तांब्या उंच धरून ती गटागटा पीत सुटली. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं तरी थांबली नाही. तिला केवढी तहान लागली होती हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिच्या प्रत्येक घोटाबरोबर त्याच्या गळ्याची घाटी वर जात होती, खाली येत होती, आणि तो एकटक बघत होता. तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यानंच एक मोठा श्वास सोडला.

"आनखी घे," तो म्हणाला. "पोटभर घे."

एवढे महिने त्याला बास म्हणत आलेली आशालता उठली आणि तांब्या पुन्हा भरून घेऊन आली.