खरखर येतेय

तिला कागदोपत्री चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते माहीत होतं बँकेला आणि दातांच्या डॉक्टरला. घरात ती खरखर. सहाव्या वर्षी घसा बसला तो बसलाच, उठायचं नाव घेईना. तेव्हा थोरला भाऊ म्हणाला होता, "ही बोलते की स्टेशन न लागलेला रेडिओ?" झालं, नाव चिकटलं. दादाचा स्वतःचा गळा लोण्यासारखा. एकाच आईची दोन पोरं, पण वाटणी करताना देवाला डुलकी लागली असावी.

दादा गाण्याचे वर्ग घ्यायचा आणि मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, गाणी रेकॉर्ड करायचा. म्हणजे गायचा तो. रेकॉर्ड करायची ती. कानाच्या यंत्रांच्या दुकानातली नोकरी सांभाळून, व्हिडिओ बघत, चुकत, रडत तिनं ते सॉफ्टवेअर शिकून घेतलं होतं. "मला ते बटणांचं कळत नाही बाबा," असं दादा मोठ्या प्रेमानं म्हणायचा. न कळण्यातली सोय त्याला फार लवकर कळली होती.

या खेपेला मात्र तो आपणहून म्हणाला, "मधला अंतरा तू गा. तिथं जरा फाटका गळा हवाय." गाणं रविवारी संध्याकाळी रेडिओवर लागणार होतं. फाटका हा शब्द तिनं कौतुक म्हणून पदरात घेतला. चार ओळींसाठी ती अकरा वेळा गायली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आपला आवाज चार लोकांच्या कानावर पडणार, म्हणून आठवडाभर तिनं गार पाणी तोंडाला लावलं नाही.

कॉम्प्युटरवर प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते, तिच्यावर नाव लिहायचं असतं. एकीवर तिनं लिहिलं 'दादा'. अंदाजासाठी त्यानं सगळं गाणं एकदा गाऊन ठेवलं होतं, त्या पट्टीवर 'दादा कच्चा'. आणि आपल्या पट्टीवर, हात सरावलेला, विचारसुद्धा न करता लिहिलं 'खरखर'.

शनिवारी ती दादाकडे आली, दारात चपला काढत होती तेवढ्यात मागच्या खोलीतून दादा ओरडला, "खरखर येतेय!"

"येतेय तर दार उघड तिला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ओरडतोस काय!"

ती हसत आत गेली आणि हसू तिथंच थांबलं. गाणं वाजत होतं आणि मध्येमध्ये तापल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडाट होत होता.

"तुझ्या अंतऱ्यातच जास्त आहे बघ," दादा म्हणाला. "तुझ्या आवाजाचंच काहीतरी असणार."

ती कामाला लागली. वायर काढून पुन्हा लावली. दादाचा मोबाइल उचलून बाहेर ठेवून आली. चार्जर उपटला. मग ड्रायव्हर काढून नव्यानं घातला. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि माइकची पेटी यांच्यातला दुभाषा. दुभाषा बदलला तरी तडतडाट तोच. दोन तास गेले. शेवटी सेटिंगचं पान उघडलं आणि तिची नजर एका आकड्यावर अडली. बफर ६४. तिनं तर ५१२ ठेवला होता.

"हे कुणी बदललं?"

"मीच. हेडफोनमध्ये माझा आवाज मला मागून यायचा. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणं बरं वाटतं का गं?"

"मला कसं कळणार," ती म्हणाली.

तिनं त्याला समजावलं. कॉम्प्युटर आवाज पेल्यापेल्यानं ओततो; बफर म्हणजे त्या पेल्याचं माप. पेला लहान केला की आवाज लगेच मिळतो, पण दुसरा भरायच्या आत पहिला रिकामा होतो. धार तुटते, तडतड होते. तिच्या अंतऱ्यात सगळी वाद्यं एकदम वाजत होती, ओतणाऱ्याची धांदल जास्त, म्हणून तिथं जास्त तुटायची. तिनं आकडा ५१२ केला. गाणं लख्ख वाजलं.

"म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये खरखर नव्हतीच, दादा. ती फक्त ऐकताना होत होती." तिला एवढं हलकं वाटलं की खुर्चीत बसून तिनं एक गिरकी घेतली.

"बरं झालं," दादा मोबाइल शोधत म्हणाला. "मी तर सगळ्या पट्ट्या पहाटेच मिक्सिंगवाल्याला पाठवल्या. म्हटलं, खरखर काढून टाक आणि थेट रेडिओवाल्यांना दे."

"अरे, मग त्याला कळव, काढायचं काही नाहीये म्हणून."

"कळवतो की."

रविवारी आईनं कानाचं यंत्र लावलं, दादानं रेडिओ लावला. मधला अंतरा आला तशी तिनं साडीचा पदर मुठीत धरला. पहिली ओळ दादाच्या आवाजात गेली. तिला वाटलं, पुढची आपली असेल. दुसरी गेली. चौथीही गेली, लोण्यासारखी.

"काय साफ लागलंय!" दादानं मांडीवर थाप मारली.

"खरखर कुठाय?" आईनं विचारलं.

"काढली ना, आई. औषधालासुद्धा नाही."

"अरे मेल्या, माझी लेक कुठाय म्हणते मी!"

ती गॅलरीत गेली आणि तिनं मिक्सिंगवाल्याला फोन लावला.

"काढली की, ताई," तो खुशीत म्हणाला. "तुम्ही पट्टीवर नावच लिहून दिलं होतं. इतकं नीट काम कोण देतं हल्ली? तसा आतला आवाज वाईट नव्हता हो, मलाही चुकचुकल्यासारखं झालं. अंतरा रिकामा राहत होता, म्हणून काल संध्याकाळी दादांना विचारलं मी. ते म्हणाले, कच्चा आहे त्यातला वापर."

काल संध्याकाळी. म्हणजे ती खुर्चीत गिरकी घेऊन घरी गेल्यावर.

ती आत आली तेव्हा दादा रेडिओची पिन विनाकारण हलवत होता. "अगं, त्याचा गोंधळ झाला नावावरून."

"त्याचा झाला. तुझा नाही झाला."

"वेळ कुठं होता? आणि खरं सांग, साफ लागलं की नाही?"

"लागलं," ती म्हणाली. सूर तरी खोटा नव्हता, मग ती कशाला खोटं बोलेल?

निघताना ती मागच्या खोलीत गेली. ५१२ चे पुन्हा ६४ केले. ज्याची वस्तू, त्याच्या आवडीनं असावी. आईनं दारापर्यंत येऊन तिचा हात धरला आणि तिला तिच्या चार अक्षरी नावानं हाक मारली. कितीतरी वर्षांनी. सवय नसल्यामुळे एक क्षण तिनं मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते.

मंगळवारी दुकानात ती एका आजोबांच्या कानात यंत्र बसवत होती, तेव्हा फोन वाजला.

"अगं," दादा रडकुंडीला आला होता, "खरखर येतेय!"

"नाही येत," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.