खराट्यापुढं दिवा

मी लिंबाजी, ताडकळसच्या रस्त्यावरच्या जिनिंगच्या फाटकावर राखणदार. बायको मनकर्णा आत आंगण झाडायची. कापसाच्या गंजी उघड्यावर, बोलून चालून कापूस तो, एक ठिणगी पडली की झालं वाटोळं. म्हणून वाळलं गवत उपटायचं, उडालेली रूई गोळा करायची, वाळूच्या बादल्या भरून ठेवायच्या, हे सगळं तिच्याकडं. आमाला लेकरू न्हाई. त्या आंगणातच जीव होता तिचा. गाडीवाल्याच्या तोंडात बिडी दिसली की त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. फाटकावर मी नावालाच, लोक भ्यायचे ते तिला.

ब्याऐंशीच्या दिवाळीत तिला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. लक्ष्मीपूजनाला घरोघरच्या बाया केरसुणीला हळदीकुंकू लावून दिवा ठेवतात. हिची लक्ष्मी म्हंजे जिनिंगातला खराटा. सांजंला तिनं तिथंच, भिंतीच्या कडंला, पूजा मांडली. वर्षभर राबती तिला अंधारात कशी ठेवू, म्हणं. दिव्याभवतीची जागा आधी लख्ख झाडली होती, येवढी शहाणी! पण वारं सुटलं. रूईचा पुंजका उडत आला, दिव्यावर पेटला आन गंजीवर जाऊन पडला. करायला गेली एक आन झालं एक.

वाळू तिनंच फेकली, बोंबही तिनंच मारली. गंजीचा कोपरा जळाला, बाकी कापूस वाचला. तिचे तळहात मातर भाजले.

मॅनेजर दिनकरराव वाईट माणूस न्हाई. पोलिसात दिलं न्हाई त्यांनी. तुजी नोकरी ऱ्हाईल, पण तिला आता आत सोडायचं न्हाई, येवढंच म्हणाले. चूक काय त्यात? मी घरी येऊन सांगितलं. ती भाजल्या हातांना खोबरेल लावीत बसली. मला वाटलं, समजली.

हात बरे झाले तशी एका सकाळी ती पदर खोचून फाटकाशी हजर. मागं बैलगाड्यांची रांग, आत दिनकरराव उभे राहून बघायलेत. माज्या तोंडून निघून गेलं, "बाई, बाहेरच्या माणसाला आत सोडत न्हाईत."

तिनं माज्याकडं बघितलं. खोचलेला पदर सोडला आन डोक्यावरून घेतला, परक्या माणसापुढं घेतात तसा.

"बरं, साहेब," म्हणाली आन माघारी फिरली.

त्याला आता लय वर्षं झाली. भांडण न्हाई, तंटा न्हाई. भाकरी करती, माजं दुखलंखुपलं बघती. मी हात जोडले, रडलो, सगळं करून झालं. तरी जेवायला बसलो की ती विचारती, "साहेब, आनखी वाढू का?"