जिलानी सरांचे तीन वेगळे धडे

मित्रांनो, मी एक जुना काळा गॉगल आहे आणि भूकंपग्रस्तांना मदत म्हणून आलो होतो. हसू नका. १९९३ साली किल्लारीकडची घरं पडली, तेव्हा कुठल्यातरी शहरातल्या भल्या माणसाने मला जुन्या नेकटायांच्या गठ्ठ्यात घालून पाठवलं. सरजाबाई नावाच्या म्हातारीने मला उलटसुलट करून पाहिलं. "घर न्हाई राहिलं, ऊन लई हाय. तूच घाल, मास्तर," म्हणत तिने मला कपडे वाटणाऱ्या जिलानी मास्तरांच्या हातात ठेवलं.

मास्तर तेव्हा तरुण होते. आठवडाभर ढिगारे उपसत होते. खालच्या प्रेतांच्या वासावर उतारा म्हणून कुणीतरी त्यांना सिगारेट दिली. वास गेला. सिगारेट राहिली.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. मास्तरांचे सर झाले, जीवशास्त्र शिकवू लागले. चाळिशीत त्यांचं वजन उतरलं, हात थरथरू लागले, मग डोळे बाहेर येऊ लागले. थायरॉइड. क्लासचे मालक निवृत्ती सर खूश! त्या डोळ्यांपुढे पोरं कुजबुजेनाशी झाली होती. "गॉगल काढा की, सर. पालकांना डोळे दिसू द्या," ते म्हणाले, आणि चौकात डोळ्यांचं पोस्टर लागलं: 'आमची नजर, तुमच्या पाल्यावर'. प्रवेश वाढले.

एका दुपारी सरांची बायको कमरुन्निसा पलंगाशी थबकली. "झोपलात का बघून राहिलात?" उत्तरादाखल सर घोरले. त्यांच्या पापण्या आता मिटतच नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी थायरॉइड ताळ्यावर येईल. पण सिगारेटने हा डोळ्यांचा आजार वाढतो, औषधही नीट लागू पडत नाही. आजच सोडा."

दवाखान्याबाहेर येताच सरांनी सिगारेट पेटवली. "थायरॉइड गळ्यात, धूर फुफ्फुसात, डोळे डोक्यात. तीन वेगळे धडे हायेत. एका प्रश्नात येतच न्हाईत."

"मग तुमचे डोळे कोण्या धड्यात जाऊन राहिले?" कमरुन्निसाने विचारलं. सरांनी मला नाकावर चढवलं आणि चालू लागले. मी ऊन अडवतो, मित्रांनो. धूर आतल्या रस्त्याने जात होता.

दीड वर्षात सरांना एकाचे दोन दिसू लागले. साठ पोरांची हजेरी एकशेवीस भरली. निवृत्ती सरांना तेही आवडलं. मग लाल पेन करडं दिसू लागलं. डोळ्यामागच्या सुजेने नस दाबली होती. हैदराबादला ऑपरेशन झालं. उजवा डोळा वाचला, डावा गेला. सिगारेट तेव्हा बंद झाली.

परवा सरांनी तिन्ही धडे एकत्र शिकवले. फळ्यावर सिगारेट काढली, गळा काढला, डोळा काढला, बाण जोडले. एका डोळ्याने अंदाज चुकतो, म्हणून शेवटचा बाण दोनदा पुसला. पहिल्या बाकावरच्या मनतशाने हात वर केला.

"सर, हे परीक्षेला येतंय?"

"न्हाई."

तिने पेनाला टोपण लावलं. तिच्यामागे बाकीची एकोणसाठ टोपणं लागली.

मित्रांनो, माझ्यावर ओरखडे पडले तर बाजारात दुसरा गॉगल मिळेल, डोळा नाही. तुमच्या घरात कुणाला थायरॉइड असेल आणि बोटांत सिगारेट असेल, तर ती आजच विझवायला लावा. परीक्षेला येत नाही, हे मलाही ठाऊक आहे.