सोनबाच्या हातातली दोरी

माणूस खोटं बोलतोय हे कुत्र्याच्या पोटावरून ओळखता येतं, हे मला त्या नवरात्रात कळलं. साल एक्क्याऐंशी. महाडच्या कडेला एका नव्या कारखान्याची पाण्याची टाकी उभी राहत होती आणि तिथे आमच्या उरल्यासुरल्यावर जगणारं एक पिवळं कुत्रं होतं. एरवी त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. घट बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला भाकरीचा तुकडा टाकला, तर त्याने नुसतं हुंगलं आणि पुन्हा सावलीत आडवं झालं. म्हटलं, याला एवढं घालतंय तरी कोण?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लक्ष ठेवलं. आमच्याच कामावरचा सोनबा भाकरीचं फडकं घेऊन खडीच्या ढिगामागे गेला, कुत्रं शेपूट हलवत त्याच्या मागे गेलं, आणि थोड्या वेळाने सोनबा तोंड पुसत परत आला. पुसण्यासारखं काही नव्हतंच. ओठ पार सुकून पांढरे पडले होते.

कुणी उपाशी राहिलं तर मला काय त्याचं, असं मी एरवी म्हटलं असतं. पण माझ्या नवऱ्याचा जीव सोनबाच्या हातात होता. हे मी वाढवून सांगत नाही. गणू परांची बांधायचे. टाकी गोल, जमिनीपासून पन्नास फूट वर, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला बांबू उभे-आडवे बांधत पुढे सरकायचं. कमरेला दोरी बांधलेली, त्या दोरीचा टाकीच्या खांबाला एक वेढा, आणि दुसरं टोक आत फळीवर उभ्या असलेल्या सोनबाच्या हातात. गणू पुढे सरकले की त्याने दोरी सोडायची, मागे आले की ओढून घ्यायची. तिला गाठ मारून चालत नाही, कारण माणूस एका जागी थांबत नाही. म्हणजे सारी मदार त्या दोन हातांवर. आणि ते हात चार दिवसांचे उपाशी.

उपास कशाचा, ते माझ्याबरोबर घमेली वाहणाऱ्या कमळाबाईने सांगितलं. तिचं नाते गावाला येणंजाणं होतं आणि सोनबा त्याच गावचा. त्याची बायको रंगूबाई, तिला आठवा महिना लागला होता. आधीची तीन मुलं जगली नव्हती. म्हणून सोनबाने नवस केला होता, नऊ दिवस अन्नाचा कण नाही आणि संध्याकाळी दिवा लागेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. घरी बसला तर मुकादम त्याच्या जागी दुसरा माणूस घेणार, म्हणून कामावर यायचा. आणि कुणी अडवू नये म्हणून भाकरी बांधून आणायचा.

मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. तीन मुलं गेलेल्या माणसाला तू असं कर, तसं कर असं कोण सांगणार? त्यात मी. आमच्या वाडीत घट बसत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत घालून सावित्री नदीत सोडले, तेव्हा गणू टोपलीला हात लावून बरोबर चालत गेले होते. आता माझ्या बोलण्यावरून सोनबाने घासभर खाल्लं आणि उद्या पोराचं काही बरंवाईट झालं, तर त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल हे सांगायला ज्योतिषी नको. नात्यापासून महाडपर्यंत एकच बोललं गेलं असतं, की बौद्धवाडीतल्या येसूने उपास मोडायला लावला.

तरी त्या दुपारी मी गुळाचा खडा पुढे केलाच. सोनबाने तो घेतला, कपाळाला लावला आणि खिशात टाकला. आत्ताच जेवलो म्हणाला.

संध्याकाळी गणूंना सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्याच्या उपासावर आपण बोलायचं नाही. सकाळी सहदेव मुकादमाला गाठलं. एरवी तंबाखूत चुना जास्त झाला म्हणून आकाशपाताळ एक करणारा माणूस, पण त्याच्याही घरी घट होता. माझं ऐकलं आणि त्याने टोपी सारखी केली. देवाचं काम आहे, म्हणाला, मी मध्ये पडलो आणि माझ्याच घरात काही झालं तर? शिवाय सोनबा बैलासारखा गडी आहे, त्याला काय होतंय. मी म्हटलं, बैलालासुद्धा वैरण लागते. तर म्हणाला, तू आपली घमेली उचल.

ती पाचवी माळ होती. पाऊस उघडून आठवडा झाला होता आणि ऊन सकाळी नऊपासूनच डोळ्यांत शिरत होतं. मी घमेलं डोक्यावर घेऊन चढावाच्या फळीवरून वर जायचे, गवंड्याला माल द्यायचे, रिकामं घमेलं घेऊन खाली यायचे. दर खेपेला वर पोचल्यावर आधी सोनबाकडे बघायचे आणि मग पाय पुढे टाकायचे. खाली आल्यावर वाटायचं, आता मी इथे आहे आणि वर काही झालं तर? वर गेल्यावर वाटायचं, मी असून तरी काय करणार आहे? कधी कुठल्या देवाला हात जोडले नाहीत, पण त्या दिवशी कुणाला जोडावेत ते माहीत असतं तर जोडले असते.

पाचव्या की सहाव्या खेपेला वर गेले आणि तिथेच थांबले. सोनबा खांबाला खांदा लावून उभा होता. डोळे उघडे होते, पण ते गणूंवर नव्हते. कशावरच नव्हते. दोरी हातात होती, मूठ मात्र सैल. बाहेर गणू बांबूवर पाय रोवून, दोन्ही हात वर करून गाठ आवळत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडले आणि सोनबा दचकला तर? दचकलेला माणूस हातातलं आधी सोडतो. मी हळूच पुढे गेले, त्याच्या मागे फळीवर पडलेल्या दोरीच्या शेपटावर मालाने भरलेलं घमेलं ठेवलं आणि मोकळ्या दोरीवर दोन्ही पायांनी उभी राहिले. माझं वजन ते किती. गणू गेले असते तर घमेलं आणि मी, दोघंही त्यांच्यामागून गेलो असतो. पण तेवढंच सुचलं. खालून मुकादम ओरडत होता, की माल सुकतोय, बाई वर देवदर्शनाला गेली की काय. मी मान वळवली नाही.

मग जमेल तेवढ्या साध्या आवाजात गणूंना हाक मारली. म्हटलं, बिडी ओढायला आत या. ते म्हणाले, एवढी गाठ होऊ दे. मी म्हटलं, बरं. ती एक गाठ त्यांनी किती वेळ बांधली असेल? दोन मिनिटं. माझ्या पायांखालची दोरी दोनदा सरकली आणि दोन्ही वेळा मी टाचा अजून घट्ट दाबल्या. सोनबाच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता, एवढ्या उन्हात. शेवटी गणूंचा हात फळीवर आला, मग गुडघा, मग ते अख्खे आत आले.

आता काय? बिडी संपली की ते पुन्हा बाहेर जाणार, आणि सोनबा पुन्हा दोरी धरणार. उतर म्हटलं तर सोनबा उतरणार नाही. खा म्हटलं तर खाणार नाही. कामावर आमची शिवाशिव कुणी मानत नव्हतं, घमेली हातोहात फिरतात, तिथे कोण कुणाला शिवलं हे बघायला सवड कुणाला असते. पण घटाच्या नऊ दिवसांत एक शिवणं असं आहे की त्यानंतर माणसाला अंघोळ केल्याशिवाय पाऊल पुढे टाकता येत नाही.

मी सोनबाचं मनगट धरलं आणि खाली मुकादमापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "सोनबादा, चुकी झाली. मला कावळा शिवलाय, नि मी तुमाला शिवले."

खोटं होतं. माझी पाळी येऊन गेल्याला दहा दिवस झाले होते.

सोनबाने हात असा झटकला की दोरी फळीवर पडली. गवंड्याने तोंड फिरवलं. गणू बिडी पेटवता पेटवता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. सोनबा चढावाची फळी धरून उतरला, वाटेत दोन ठिकाणी बसला. खाली मुकादमाने पिंपातल्या पाण्याच्या दोन बादल्या त्याच्या डोक्यावर ओतल्या. दुसऱ्या बादलीला तो तिथेच चिखलात बसला आणि त्याला उठता येईना. सगळ्यांना वाटलं, संतापाने बसलाय. दुपारच्या एसटीने त्याला नात्याला धाडलं आणि गणूंची दोरी गवंड्याने धरली. तो पोटभर जेवलेला होता, हे मी आधी बघून घेतलं.

मला मुकादमाने चार दिवस कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं. खोटं बोलले होते, ते निभावणं भाग होतं. चार दिवस घरी बसले. कमळाबाई सांगायची, की बायका हसतात, एवढी साधी गोष्ट हिला कळू नये म्हणतात. हसण्याचं मला काही वाटलं नाही. लागलं ते गणूंचं. त्या संध्याकाळी त्यांनी एवढंच म्हटलं, "आपल्या बापांनी हा इटाळ नदीत सोडला. तू त्यो काढून परत अंगावर घेतलास." त्यानंतर बोलणं बंद. मी सांगायला गेले की तुमच्यासाठी केलं, तर उठून बाहेर गेले. आणि खरं सांगायचं तर मलाही स्वतःची लाज वाटत होती. जे शब्द आमच्या घरात कुणी काढत नव्हतं, ते मी पन्नास फुटांवरून ओरडून सांगितले होते. शिवाय सोनबा चक्कर येऊन पडला असताच, हे तरी कोणी सांगावं? पडलेल्या माणसाला सगळे बघतात. न पडलेल्याचा काय पुरावा?

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सोनबा कामावर आला. गाल बसले होते, पण चालणं ताठ होतं. मुकादमाने त्याला दोन दिवस खालीच ठेवलं. मी खडी भरत होते, तिथे तो आला आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, "येसू, एक इचारू? त्या दिवशी खरंच व्हतं का?"

हो म्हणावं की नाही म्हणावं, मला कळेना. हो म्हटलं तर बाळंतपण होईपर्यंत याला नवसाला विटाळ झाल्याचा घोर. नाही म्हटलं तर उद्या सगळ्यांपुढे माझा तमाशा. पण त्याचा चेहरा बघवला नाही.

"नव्हतं," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग खाली बसून खडीतले दोन दगड उगाच इकडचे तिकडे करत म्हणाला, "बरं झालं. मना चौथ्या माळेपासनं डोळ्यांपुढं अंधारी येत व्हती. त्या दिवशी तर दोनदा आली."

माझ्या हातातलं घमेलं मी खाली ठेवलं. "दोनदा? दोरी हातात असताना?"

"व्हय."

"मंग उतरला का नाय?"

"सगळी बघत व्हती," सोनबा म्हणाला.

तो उठून गेला. सबंध दुपार मी खडी भरली आणि किती घमेली भरली ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी गणू जेवायला बसले. सहा दिवस मी मुकाट्याने वाढत होते आणि ते मुकाट्याने खात होते. त्या दिवशी मी ताट पुढे ठेवून समोर बसले आणि सोनबा काय म्हणाला ते सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी ते माझ्याकडे बघतील, चुकलो म्हणतील. गणू भाकरी मोडत राहिले.

"ठाव हाय," ते म्हणाले. "दोन येळा दोरी ढिली पडली. दुसऱ्या येळेला हातभर खाली गेलो. बांबू गावला म्हनून वाचलो."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं, तरी त्यांनी तेच सांगितलं. मी फळीवर पोचायच्या आधीची गोष्ट. हातभर खाली गेलेला हा माणूस वर चढला होता, पुन्हा गाठ बांधायला लागला होता, आणि माझ्या हाकेला म्हणाला होता, एवढी गाठ होऊ दे. बिडी ओढून परत त्याच दोरीवर जाणार होता. आणि मला सहा दिवस अबोला.

"बोलला का नाय तुमी?"

"काय बोलनार? त्याच्या नवसाचा उपास, नि बोलनारा मी." भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत ते म्हणाले, "नि भ्यालो म्हनले असते."

सोनबाला ठाऊक होतं. गणूंना ठाऊक होतं. मुकादमाला मी सांगितलं होतं. चार माणसांना ठाऊक असून तोंडातून निघाला तो फक्त एक विटाळ, आणि तोही खोटा, आणि त्याची लाज एकट्या मला. मी त्या ताटाकडे बघत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि त्या रागाने मला फार बरं वाटलं.

"उद्यापासनं तुमची दोरी मी धरनार," मी म्हटलं.

गणूंनी मान वर केली. सहा दिवसांत पहिल्यांदा. "बाई मानूस दोरी धरनार? सगळी बघतील."

"बघू दे."

मी त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली, दुसरी माझ्या ताटात घेतली, आणि त्यांची संपेपर्यंत तिथून उठले नाही.