सरळ कापलेलं शीड

बाबांचं शीड फाटलं तेव्हा, खरं सांगते, मला बरंच वाटलं. आता तरी म्हातारा होडी विकेल आणि आमच्या बोरिवलीच्या खोलीत येऊन पाय पसरून बसेल, असा माझा अंदाज होता. पण माझे बाबा, गुणाजी, बसणाऱ्यातले नव्हेतच. वेंगुर्ल्याकडून पंधरा वर्षांपूर्वी होडी घेऊन गोराईला आले ते तिथलेच झाले. चौसष्टाव्या वर्षीही पहाटे एकटेच किनाऱ्याकिनाऱ्यानं जाळं टाकून यायचे. होडी माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. ती लहान म्हणून मशीन बसवायचा प्रश्नच नव्हता, आणि शीड नाही तर होडी नाही, होडी नाही तर बाबा नाहीत. त्यांनी मालवणच्या शीडवाल्याला पत्र लिहिलं. उत्तरात आलेला आकडा वाचून त्यांनी पत्राची घडी केली आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिली, म्हणजे आता देवानंच काय ते बघावं.

देवानं नाही, ह्यांनी बघितलं.

माझे यजमान, काशीराम, बावीस वर्षं गिरणीत साचेखात्यात मागावर कापड विणत होते. ब्याऐंशीचा संप सुरू झाला तो कधी संपला ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दोन वर्षं झाली तरी गिरणीनं ह्यांना परत घेतलं नव्हतं. मी एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावत होते, त्यावर घर चालत होतं. ह्यांनी एका इमारतीवर वॉचमनकी केली, तिथे भांडून आले. मग भांडणंही बंद झाली, आणि ते मला जास्त जाचायला लागलं. पूर्वी आवाजानं चाळ दणाणून सोडणारा माणूस, आता रेडिओ लावायच्या आधी मला विचारायचा. दुसरा कप चहा मागताना 'असेल तर' म्हणायचा. त्या 'असेल तर'चा मला इतका राग यायचा की चहाचं पातेलं मी मुद्दाम दणकन आपटायचे.

तर गोराईला बाबांच्या झोपडीत शिडाचा विषय निघाला आणि हे एकदम ताठ बसले. म्हणाले, "मामा, कापडाचं माझ्यावर सोडा. कापडातलं मला कळतं."

दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. बाबांनी 'बरां' म्हटलं, आणि मीही लगेच मान डोलावली.

ह्यांच्या साचेखात्यातला मधुकर तेव्हा साकीनाक्याला एका शेडमध्ये ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. त्याच्या मालकाकडे जाड सुती कॅनव्हासचा एक तागा कडेला पडून होता, कुणाच्या तरी ऑर्डरीतून उरलेला. रविवारी हे मला घेऊन तिथे गेले. कापड कसं बघतात ते त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. आधी कापडाला हात लावला नाही, नुसतं उजेडात धरायला लावलं. मग अंगठ्यानं घासून खळ किती निघते ते बघितलं. मग एक उभा धागा सोडवून दोन हातांत ताणला, आणि कानाशी धरून तुटल्याचा आवाज ऐकला.

"खळ घालून वजन वाढवलेलं नाही," मधुकरला म्हणाले. "सच्चा माल आहे. कडेला का टाकलास रे?"

"ट्रकवाल्याला कुठे कळतंय यार," मधुकर म्हणाला. "त्याला पाणी नाय आलं की झालं."

भाव असा ठरला की त्यात गेलेल्या माझ्या बोनसची मला फार हळहळ वाटली नाही. मालवणवाल्याच्या निम्म्यालाही तो पोचत नव्हता. शिवणही मधुकरच घालणार होता, फक्त मापानं कापून आणायचं होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी चाळीच्या अंगणात आम्ही बाबांचं जुनं शीड पसरलं. त्याच्यावरून नवं बेतायचं होतं. हे गुडघ्यांवर बसून त्याच्या कडा चाचपत फिरत होते. वरच्या लांब कडेपाशी थांबले. होडीवर ही कड एका लांब बांबूला बांधतात आणि तो बांबू डोलकाठीवर चढवतात. बांबू सरळ, पण शिडाची ती कड मधे फुगलेली होती. चांगली चार-पाच बोटं बाहेर आलेली.

"बघ," हे म्हणाले. "कापड सरकलंय. वर्षानुवर्षं वाऱ्याचा ताण बसून धागा सरकतो. मूळची कड सरळ असणार."

मला माहीत होतं की ती सरकलेली नाही. अगदी स्पष्ट माहीत होतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबा वेंगुर्ल्याच्या वाळूत शीड बेतायचे, तेव्हा दोरीचं एक टोक माझ्या हातात असायचं; गुडघे धरल्यापासून ते काम त्यांनी सोडलं होतं. बाबा दोरी ताठ करू द्यायचे नाहीत. ती मधे वाकवायचे, बोटं लावून बाक मोजायचे आणि त्या बाकावरून कापायचे. फुगीर कड सरळ बांबूला बांधली की जास्तीचं कापड आत जातं आणि शिडाला पोट येतं. पोट असलं तरच शीड वारा धरतं, नाहीतर होडी वाऱ्याच्या तोंडाला चढत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण वाळूत बसून बसून ते कानात गेलं होतं.

जिभेवर आलं होतं. पण हे सुतळीला खडू चोळत होते, आणि चाळीतली चार माणसं भोवती उभी होती. हे त्यांना सांगत होते, धागा कसा सरकतो, कापड इस्त्रीसारखं सपाट बसायला पाहिजे, तिरपं कापलं की माल गेला. बावीस वर्षं ह्यांनी हेच केलं होतं. कापडात बाक आला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ओरडायचा, ठाण बाद व्हायचं. माणसं ऐकत होती. 'काशीरामभाऊ, तुम्ही म्हणजे मास्तरच' असं कुणीतरी म्हणालंही. मी तोंडात आलेलं गिळलं. स्वतःला म्हटलं, मी तेव्हा पोर होते, कदाचित चुकीचं आठवत असेल. खोटं बोलले मी स्वतःशी. ह्यांनी सुतळी ताणली, टिचकी मारली आणि कॅनव्हासवर पांढरी सरळ रेघ उमटली.

आठ दिवसांनी शिवलेलं शीड घेऊन आम्ही तरीनं खाडी ओलांडून गोराईला गेलो. हातात नारळही होता. बाबांनी शीड मांडीवर घेतलं आणि वरच्या कडेवरून हात फिरवत नेला. मधे पोचल्यावर हात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे बघायला लागले.

"कापड फस्क्लास आसा," बाबा म्हणाले, आणि नारळ फोडला.

खाडीत चाचणी झाली तेव्हा वारा पाठीमागून होता. पाठचा वारा कसल्याही शिडाला ढकलतो. होडी सुळकन गेली. किनाऱ्यावर उभे राहून हे हसले, मोठ्यानं, आणि मला वाटलं की आपण गप्प राहिलो ते बरंच केलं.

बारा-पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका गुरुवारी सकाळी, मी डबा भरत असताना, बाबांच्या शेजारचा रतन दारात येऊन उभा राहिला. पहिल्या तरीनं आला होता.

"गुणाजीकाका काल परत नाय आला," तो म्हणाला. "तुमच्याकडे तर नाय ना?"

गोराईच्या किनाऱ्यावर आम्ही तीन तास उभे होतो. बाबा आदल्या पहाटे दक्षिणेला मढच्या बाजूला गेले होते, एवढंच रतनला ठाऊक होतं. दुपारी वारा उत्तरेकडून चांगला वाढला होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे परतीची सगळी वाट वाऱ्याच्या तोंडाला. मला ती वाट डोळ्यांपुढे दिसत होती आणि ते सपाट शीडही दिसत होतं.

हे वाळूत येरझाऱ्या घालत होते. सारखं एकच बोलत होते. "कापड फाटणार नाही. बाकी काही होऊ दे, कापड फाटणार नाही. मी सांगतो ना तुला."

"होय," मी म्हणत होते. प्रत्येक वेळी 'होय'. माझा बाप बुडाला असेल तर मी बुडवलाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि तोंडानं मी होय म्हणत होते.

बारा वाजायच्या सुमारास मढच्या कोळ्यांची एक मशीनवाली होडी बाबांच्या होडीला दोर बांधून घेऊन आली. बाबा आत बसलेले दिसले तेव्हा मी गुडघाभर पाण्यात गेले. नव्या शिडानं होडी वाऱ्याच्या तोंडाला चढेना, नुसती आडवी आडवी खडकांकडे सरकत गेली होती. एकदा आपटली, एक फळी फुटली. मग नांगर टाकून बाबांनी रात्र पाणी उपसत काढली. नांगराच्या दोरानं डाव्या तळहाताचं कातडं सोलून निघालं होतं.

ह्यांनी आधी बाबांना उचलून उतरवलं. मग धावत जाऊन शीड उलगडून बघितलं.

"धागा हलला नाही, मामा," हे म्हणाले.

"नाय हलूचो," बाबा म्हणाले. "कापड फस्क्लास आसा."

रतनबरोबर हे डॉक्टरला आणायला गेले. झोपडीत मी बाबांचा हात कोमट पाण्यात धरला.

"तुका ठावक होता ना गो?" बाबांनी विचारलं.

"होय."

"माका पण. हात फिरवल्याबरोबर कळला."

"मग कित्याक नेलात?"

"जावयान हाडलेला शीड माघारी कसा धाडू? दोन वर्सां तो माणूस मान खाली घालून माझ्याकडे जेवता. म्हटला, जवळच्या जवळ चालात. काल मासो खाली मढाकडे होतो, म्हणान गेलंय."

डॉक्टर आला, पट्टी बांधून गेला. हे बाहेर होडीपाशी फुटकी फळी बघत उभे होते, मी तिथे गेले आणि सगळं सांगितलं. वाळूतली दोरी, बाक, पोट, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा गिळलं असतं.

हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू तेव्हा तिथेच उभी होतीस. खडूची रेघ मारताना."

"होय."

"आणि मामांना?"

"हातात घेतल्याबरोबर कळलं होतं."

"तरी ते घेऊन गेले." ह्यांनी होडीच्या काठावर हात ठेवला. "अगं, साच्यावर चूक झाली की जॉबर कान धरायचा माझा. पन्नास माणसांदेखत. मी शिव्या द्यायचो त्याला मनात, पण कापड सुधारायचं. तुम्ही दोघांनी मिळून मला काय समजलात?"

"तुम्ही किती दिवसांनी बोलत होता," मी म्हटलं. "मला ते मोडवलं नाही."

"आणि मामा बुडले असते तर? तेव्हाही सांगितलं नसतंस. मी मरेपर्यंत कापड चांगलं होतं म्हणून सांगत फिरलो असतो आणि तू होय होय केलं असतंस." ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "मी आजारी नाही, प्रेमा. मी बेकार आहे."

ते वळले आणि झोपडीत गेले. मी मागून दारापर्यंत गेले. हे बाबांच्या समोर जमिनीवर बसले होते, शीड मधे पसरलेलं होतं.

"मामा, कुठे चुकलं ते सांगा," हे म्हणाले. "जावई म्हणून नको. नीट सांगा."

बाबांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं होय म्हटलं. मग बाबा बोलायला लागले. आधी हळू, मग रात्रभराची भीती आणि हाताची आग सगळी बाहेर आली, आणि जावयाला बोलू नये असं बरंच काही ते बोलले. हे मान खाली घालून ऐकत होते. मला आत जायचं तोंड नव्हतं, मी तिथेच दारात उभी राहिले.