पेत्रोनाचं बघणं

वीस वर्षं मी नेब्रास्कातल्या या शाळेत मदतनीस आहे. मेक्सिकोतून, ग्वाटेमालातून आलेल्या पोरांना इंग्रजी येईपर्यंत स्पॅनिशमधून सांभाळायचं, हे माझं काम. पोर दारातून आत आलं की त्याची सगळी कुंडली मला कळते, असा माझा ठाम समज होता. तो पेत्रोनाने मोडला.

नऊ वर्षांची ही पोरगी सप्टेंबरात आली आणि जानेवारी उजाडला तरी तोंडातून अक्षर काढेना. मी स्पॅनिशमध्ये विचारलं, गप्प. आवाज चढवून विचारलं, तरी गप्प. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शाळेने घरीही न्यायला टॅब्लेट दिले होते. चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येतो, आपण म्हटला की आपला आवाज साठवला जातो. बाकीची पोरं त्यात बडबडून डोकं उठवायची. पेत्रोना नुसती बघायची. शेवटी मुख्याध्यापिकेने शुक्रवारी बैठक ठेवली. पोरीला गावाबाहेरच्या मतिमंदांच्या शाळेत पाठवायचं ठरत होतं, आणि तशी शिफारस लिहून देणारी मीच होते.

गुरुवारी टॅब्लेट चार्जिंगला लावताना तिच्या टॅब्लेटवर एक रेकॉर्डिंग दिसलं. चक्क एक्केचाळीस मिनिटांचं! जेवणघरात जाऊन मी ते लावलं. आवाज पेत्रोनाचाच, पण काय तो आवाज! भरभर, ठसक्यात, मध्येच दटावणारा, मध्येच खिदळणारा. आणि त्यात स्पॅनिशचा एक शब्द नाही. मी आ वासून ऐकत राहिले.

काउंटरमागे कातारिना पोरांना वाढत होती. अकरा वर्षांपासूनची माझी मैत्रीण, आमच्या मेक्सिकोचीच. ती एकदम फसकन हसली.

"तुला काय कळलं गं?"

"कुठे काय?"

"कातारिना!"

तिने डाव खाली ठेवला. "माम आहे ती. आमची भाषा. मी मेक्सिकोची नाही, ओफेलिया. ग्वाटेमालाच्या डोंगरातली आहे. डोंगरातली म्हटलं की तू कसं नाक मुरडतेस, ते बघितलंय मी."

मुरडते मी नाक. मान खाली घालून विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"शाळा घेतेय आईची. आई मागावर बसलीय वाटतं. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात... थांब, आता अपूर्णांक काढले. आई चुकली. बघ कशी झापतेय, 'लक्ष कुठंय तुझं?'"

चार महिने वर्गात इंग्रजीतून शिकवलेलं सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं, ओळीने, एकही धडा न गाळता.

"मग वर्गात का बोलत नाही ही बया?"

"आमच्यात पोरी माग कसा शिकतात, ठाऊक आहे? आईशेजारी बसून बघायचं. महिनोन्‌महिने. हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. नीट बघून झालं की मगच मागावर बसायचं, आणि पहिलंच कापड अंगावर घालण्याजोगं निघालं पाहिजे. आधीच धागे ओढते तिला आम्ही उतावळी म्हणतो. तुम्ही हिला मंद म्हणताय. अगं, ती बघतेय!"

शुक्रवारी कातारिना एप्रनसकट बैठकीला आली आणि अकरा वर्षं लपवलेलं सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली. मी माझी शिफारस परत मागितली. मुख्याध्यापिका कागदावरचा हात काढेना.

"रेकॉर्डिंग ऐकलं मी," ती म्हणाली. "पण ही आपल्यासमोर कधी बोलणार? अजून किती थांबायचं?"

टेबलाभोवती आम्ही सहा जण बसलो होतो. पेत्रोनाची आई मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आली होती आणि दाराशी भिंतीला टेकून उभी होती, पेत्रोना तिच्या शेजारी. पेत्रोनाने आम्हा एकेकाकडे सावकाश बघून घेतलं. मग ती स्वच्छ इंग्रजीत, कुठेही न अडखळता म्हणाली, "माझी आई रात्रभर उभी राहून आलीय. तिला कुणीतरी खुर्ची द्या."

आम्ही सहाही जण एकदम उठलो.