पत्र्याची जखम

"मूठ करा बघू," डॉक्टर म्हणाले.

चंपानं उजव्या हाताची मूठ वळली. बाकीची बोटं मिटली, करंगळीशेजारचं मात्र ताठच राहिलं. तिनं दात आवळून जोर लावला, तरी ढिम्म हललं नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या हाताच्या डॉक्टरांनी कागदावर एक बोट काढलं, आत रेघ ओढली आणि मध्येच तोडली. "हा टेंडन. बोट ओढणारी दोरीच समजा. ती तुटलीय आणि एक टोक तळहातात मागे सरकलंय. जखम झाली तेव्हा टाके फक्त कातडीला पडले. आठवड्याभरात आला असतात तर सरळ जोडली असती. आता पाच आठवडे झालेत. मनगटातली दुसरी दोरी काढून लावावी लागेल. तरी पूर्वीसारखं होईलच असं नाही."

जुना केसपेपर उलटत त्यांनी विचारलं, "घरी विळीनं कापलं ना?"

"विळीनं? नाही हो! कारखान्यात, पत्र्यानं."

"इथं तर विळी लिहिलंय. कोणी सांगितलं?"

त्या दिवशी चंपाला भोवळ आली होती. दवाखान्यात जे काही बोलली ती शकू. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात दोघी अकरा वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या. नंतर रोज जेवणाचा डबा घेऊन शकूच यायची. बोट वाकत नाही म्हटलं की म्हणायची, "सूज आहे, उतरेल. उगाच कशाला परत दवाखाना?" मागच्याच आठवड्यात ती लाइन इन्चार्ज झाली, तेव्हा चंपानं डाव्या हातानं तिला पेढा भरवला होता.

आजही 'एकटी कशी जाशील' म्हणत ती सोबत आली होती. शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

"शकू?"

"साहेब म्हणाले, कारखान्याचं नाव आलं तर चौकशी लागेल..." शकू म्हणाली. "मला वाटलं, साधी जखम आहे गं."

"आणि परत दवाखान्यात जाऊ नको म्हणत होतीस, ते?"



चंपा डॉक्टरांकडे वळली. "खरं काय ते लिहाल? पत्र्यानं, कारखान्यात, कामावर असताना."

"तुम्ही सांगताय तेच लिहितो. खाली सही करा."

पेन नीट धरवेना. शकूनं कागद दाबून धरायला हात पुढे केला.

"राहू दे," चंपा म्हणाली. डाव्या हातानं कागद दाबून तिनं सावकाश, वाकड्यातिकड्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

परतीच्या बसमध्ये शकू तिच्या मागोमाग चढली. कंडक्टरनं दोघींकडे बघत विचारलं, "वारजे, दोन तिकिटं?"

"एक," चंपा म्हणाली.